इतर

आमच्या घरात पुण्याचं नाव सहसा कोणी काढत नाही. टीव्हीवर पुण्याची बातमी लागली की मम्मी भाजी ढवळायला आत जाते आणि पप्पा चॅनल बदलतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, आमचं कोणीतरी तिथे वारलं असावं. गेलं तसं कोणी नाही. मला तिथल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तो गेला, एवढंच झालं. पण या एवढ्याशा गोष्टीत आम्ही तिघं आठ वर्षं अडकून राहिलो.

आमचं घर तोंडवलीत, समुद्रापासून पाच मिनिटांवर. पप्पा मालवणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. बारावीला मला चांगले मार्क मिळाले. माझ्या वर्गात माझी एक मैत्रीण होती, मालवणात तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान आहे. आमच्यात दोनच मार्कांचा फरक होता आणि ते दोन माझे जास्त होते. दोघींनाही मायक्रोबायॉलॉजी करायचं होतं. पुण्याच्या त्या नावाजलेल्या कॉलेजात दोघींनी अर्ज केला. सोमवारी संध्याकाळी पहिली यादी लागली, त्यात दोघींची नावं होती. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत कागदपत्रं अपलोड करून प्रवेश पक्का करायचा होता.

मैत्रिणीने त्याच संध्याकाळी केला. मी पप्पांना म्हटलं, "आजच करूया?"

मंगळवारी आजोबांना जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, होती. गोव्याहून आत्या आणि तिच्या घरचे आले होते. अंगणात मंडप घातला होता, घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"घाय कित्याक?" पप्पा म्हणाले. "घरात माणसा आसत. बुधवारी सकाळी मालवणाक जावन करूया."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मंगळवारी मी आत्येबहिणींबरोबर मिरवत होते. चर्चमधून बाहेर पडताना फादरनी सगळ्यांसमोर सांगितलं, आपल्या गावची मुलगी पुण्याला निघाली. त्या दिवशी मला मिळालेला मान मी पुढे किती वेळा आठवला असेल, त्याला गणती नाही.

त्या रात्री वारा सुटला. सकाळी उठलो तर वाटेवरचं आंब्याचं झाड तारांवर पडलेलं आणि लाईट गेलेली. दहाच्या सुमारास टॉवरची बॅटरीही संपली आणि मोबाईलवरच्या नेटवर्कच्या दांड्या गेल्या. पप्पांनी मोटरसायकल काढली. रेनकोटच्या आत फाईल, वर पिशवी. मालवणात पोचलो तर तिथेही लाईट नव्हती. ज्या सायबर कॅफेत फॉर्म भरला होता तो बंद. दुसरा उघडा होता, पण तिथला माणूस मेणबत्ती लावून बसलेला. त्याने सांगितलं, "कुडाळाक जावा, थंय इन्व्हर्टरवाले आसत."

कुडाळला पोचायला दुपार झाली. एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर चालू होता, पण पुढे सात-आठ जण. आमचा नंबर लागला तेव्हा चार वाजून गेले होते. वेबसाईट उघडेना. उघडली तर माझा फोटो मोठा आहे म्हणून घेईना. दुकानदाराने तो लहान करून दिला. मार्कशीट चढली. दाखला चढला. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

पप्पांनी खिशातून मोबाईल काढला आणि बघत राहिले. काहीच येईना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नंबर कोणाचो दिलंस?"

नंबर मम्मीचा होता. मम्मी तोंडवलीला होती, नेटवर्क नसलेल्या घरात. फॉर्म भरताना पप्पा बाहेर कोणाशी तरी बोलत उभे होते आणि मी मम्मीचा नंबर घातला होता, कारण तो मला पाठ होता. पप्पांनी नवीन सिमकार्ड घेतलं होतं आणि बाहेर जाऊन विचारायचा मला कंटाळा आला.

हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ आठवलं. आणि मी म्हटलं, "तुमीच सांगललास. मम्मीचो घाल म्हणान."

पप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवायचा प्रयत्न दिसला. मग त्यांनी मान खाली घातली. "असात," म्हणजे असेल, एवढंच म्हणाले.

त्यांनी दुकानदाराच्या फोनवरून कॉलेजला फोन लावला, लागला नाही. शेजाऱ्याला लावला, तोही लागला नाही. पाच वाजता पान आपोआप बदललं आणि मुदत संपल्याचं आलं. पप्पा तरीही उभेच होते. मागच्या मुलाने विचारलं, "काका, झाला काय तुमचा?" तेव्हा ते बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात फोन लागला. तिथल्या बाईंनी सांगितलं, जागा पुढच्या यादीला गेली, आता काही करता येणार नाही. बोलल्या नीटच. पप्पांनी त्यांना सगळी हकीगत सांगितली, झाडापासून ओटीपीपर्यंत, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. मुलीची नाही." मी शेजारी उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी आत जाऊन झोपले.

मग मी शेजारच्याच तालुक्यातल्या एका कॉलेजात गेले. मायक्रोबायॉलॉजी तिथे नव्हतं, म्हणून प्राणिशास्त्र घेतलं. त्या कॉलेजाबद्दल मी वाईट बोलणार नाही. वर्गात आम्ही चौदा जण होतो, चांगले सूक्ष्मदर्शक दोन. शिकवायला एक मॅडम होत्या, आंबोलीकडच्या, कडक. स्लाईड नीट झाली नाही तर पुन्हा करायला लावायच्या, पाच वेळा, सहा वेळा, एसटी चुकली तरी. बंदरावर नेऊन मासळीच्या टोपल्यांसमोर उभं करायच्या आणि एकेक मासा ओळखायला लावायच्या. कोळणी हसायच्या. "मॅडम, आमका इचारा, आमी सांगतांव!"

शिक्षणात काही कमी पडलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. कमी काय पडलं ते शेवटच्या वर्षी कळलं. मैत्रिणीचा मेसेज आला की त्यांच्या कॉलेजात कंपन्या मुलाखती घ्यायला आल्यात, तिची दोन ठिकाणी निवड झाली. आमच्या कॉलेजात त्या वर्षी कोणीच आलं नव्हतं. कंपनीतलं कोणी येतं, मुलांना विचारतं, हे असं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

पदवी घेऊन मी पुण्याला गेले. मैत्रिणीने तिच्या जवळच्या एका खोलीत भाड्याची कॉट बघून दिली. रोज सकाळी मी मोबाईल घेऊन अर्ज भरायला बसायचे. प्रत्येक अर्जात कॉलेजचं नाव विचारायचे, पण लिहायला जागा नसायची. एक यादी उघडायची, तिच्यातून निवडायचं. मी ती यादी खालपर्यंत सरकवायचे. आमचं कॉलेज कधीच नसायचं. सगळ्यात खाली 'इतर' असायचं. मी त्यावर बोट ठेवायचे आणि अर्ज जायचा. उत्तर यायचं नाही.

तीन महिन्यांनी मैत्रिणीने तिच्या ओळखीने एका औषध कंपनीत मुलाखत मिळवून दिली. मी तिचाच ड्रेस घालून गेले. समोर तिघं होते. मधल्या साहेबांनी कागद बघून मान वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मालवण! अहो, आम्ही मागच्या डिसेंबरात आलो होतो. काय ते मासे! तुमच्याकडे ते स्कूबा करतात ना, त्याचं बुकिंग कुठे करायचं?"

मी सांगितलं. मग दुसऱ्यांनी सुरमई आणि पापलेटमधला फरक विचारला. तेही सांगितलं. सगळे हसत होते, मीही हसत होते. शेवटी कडेला बसलेल्या बाईंनी विचारलं, "एचपीएलसी मशीनवर काम केलंय?"

"नाही. पुस्तकात वाचलंय."

"बरं. कळवतो हं."

रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय शिकले ते त्यांनी विचारलंच नाही आणि मीही ते सांगायचा प्रयत्न केला नाही. त्या खोलीत मी पर्यटनाच्या माहितीची मुलगी होऊन बसले होते.

संध्याकाळी मैत्रिणीला विचारलं, "खरं सांग. तुमच्या कॉलेजात असं काय शिकवलं?"

"शिकवलं म्हणशील तर फार वेगळं नाही," ती म्हणाली. "एक मशीन होतं, ते आम्ही वर्षातून दोनदा बघितलं. पण आम्हाला कोणी विचारत नाही की तुला येतं का. येत असेल असं धरूनच चालतात."

ती खरं बोलली म्हणून मला तिचा राग आला. आजही ती माझी मैत्रीण आहे, पण त्या रात्रीनंतर मी तिच्याकडे तिच्या नोकरीबद्दल कधी विचारलं नाही.

सहा महिने झाले आणि मी घरी परतले. मम्मीने माझ्या आवडीचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं. जेवता जेवता पप्पा म्हणाले, "आणखी एकदा त्या औषध कंपनीत अर्ज कर. कदाचित..."

माझ्या हातातला घास खाली पडला. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. एक वाक्य आठवतं. "तुमी त्या दिवशी 'बुधवारी करूया' म्हटलास नसता आणि तो नंबर दिलास नसता, तर माका आज अर्ज करूची पाळीच येवची नाय."

मम्मी म्हणाली, "गो, गप रव." पप्पा जेवणावरून उठले नाहीत. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, मग ताट धुवायला नेलं.

दोन आठवड्यांनी ते शाळेच्या कामाला कोल्हापूरला जातो म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मला पुण्याच्या नंबरावरून फोन आला. एक बाई बोलत होती. आवाज सांभाळून, हळू.

"तुमचे वडील इथे आमच्या रिसेप्शनला बसलेत. नऊ वाजल्यापासून. आम्ही त्यांना चहा दिला, सांगितलं की अशी भेट नाही होत. पण ते उठत नाहीत. तुमची सर्टिफिकेटं घेऊन आलेत. तुम्ही जरा बोलता का?"

त्याच औषध कंपनीचा फोन होता. माझी फाईल कपाटात नव्हती, हे मी तेव्हा पाहिलं. बाईने फोन पप्पांकडे दिला.

"पप्पा," मी म्हटलं, "थंयसून उठा."

"इल्ली वाट बगतंय. साहेब मीटिंगमधे आसत."

"पप्पा, माका ती नोकरी नको. उठा तुमी."

"मी नोकरी मागूक नाय येवक," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात फळ्यावर काही समजावत असल्यासारखा. "त्यांका फक्त त्या दिवशी काय झाला ता सांगतंय. झाड पडला, लाईट गेली, नंबर मी चुकीचो दिलंय. म्हणजे त्यांका कळात तू दुसऱ्या कॉलेजात कित्याक गेलंस ता. एकदा कळला की मगे..."

पलीकडे ती बाई उभी होती, गार्ड उभा असणार, येणारे-जाणारे बघत असणार. तेव्हा एका वाक्यात मी त्यांना तिथून उठवू शकले असते. पप्पा, नंबर मी दिला होता. ते वाक्य माझ्या तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. मी नुसती रडत राहिले.

"रडा नको, बाय," ते म्हणाले. "उठतंय मी."

दुसऱ्या दिवशी मालवणच्या स्टँडवर मी त्यांना आणायला गेले. ते बसमधून उतरले. हातात फाईल, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. दुसऱ्या हातात साहेबांसाठी नेलेली काजूगराची पुडी, तशीच परत आणलेली. फाईल माझ्या हातात देत म्हणाले, "एकय कागद भिजाक देवक नाय मी."

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते लिहिणं अवघड आहे. मी खोलीतून बाहेर यायचे नाही. रविवारी चर्चला जाणं बंद केलं, कारण फादर मायेने विचारायचे. समुद्राकडे जाणंही बंद केलं. तिथे गेल्यावर माझ्या मनात जे यायचं त्याचं मलाच भय वाटायचं. मम्मीला ते कळलं असावं. ती काहीतरी निमित्त काढून दर तासाने आत यायची, कधी मिरच्या निवडायला, कधी उशीचा अभ्रा बदलायला. एकदा तर धुतलेलाच अभ्रा पुन्हा काढून घेऊन गेली.

मग एका दुपारी आमच्या कॉलेजच्या मॅडम घरी आल्या. एसटीने आल्या होत्या, चपला चिखलाने माखलेल्या. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, कुडाळच्या बाजूला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे, कंत्राटी आहे, परवा चाचणी आहे.

"मला नाही जमणार, मॅडम," मी म्हटलं.

"जमणार की नाही ते तिथे बघू. परवा मी स्टँडवर उभी आहे आठ वाजता. तू नाही आलीस तर मी इथे येईन, म्हणजे माझी रजा फुकट जाईल."

चाचणीत आम्हाला पाण्याचे नमुने दिले आणि करून दाखवायला सांगितलं. ते काम हातांना माहीत होतं. तिथे आलेल्या सहाही मुली आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कॉलेजांतल्या होत्या. कॉलेज कोणतं, असं कोणी कोणाला विचारलं नाही. माझी निवड झाली.

अजून मी तिथेच आहे. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून येतं, ते मी तपासते. काम मला आवडतं. कंत्राट अकरा महिन्यांचं असतं, दर वेळी ते संपायच्या आधी महिनाभर मी दुसऱ्या जागांच्या जाहिराती बघत बसते. कायम होण्याची आशा आहे असं सगळे म्हणतात, पण आमच्या आधी लागलेल्या बाईही अजून कंत्राटीच आहेत. मैत्रीण आता बंगळुरूला आहे, तिच्या हाताखाली माणसं आहेत. मला कोणी विचारलं की कॉलेजने काही फरक पडतो का, तर मी खोटं बोलत नाही. पडतो. मॅडमसारखी शिकवणारी बाई मला पुण्यात मिळाली असती की नाही ठाऊक नाही, पण पुण्यातल्या कोणाला मॅडमसारखी बाई दारात येऊन ओढून काढायची गरज पडत नाही, एवढं मी पाहिलंय. माझ्याबरोबरच्या तेरा जणांपैकी किती जणांच्या दारात कोणी गेलं?

पप्पा आता निवृत्त झाले. जून-जुलैत आमच्या ओसरीवर बारावीच्या मुलांची रांग लागते. पप्पा त्यांचे फॉर्म भरून देतात, आणि यादी लागली की तासाभरात प्रवेश पक्का करून घेतात, मुलाला झोपेतून उठवावं लागलं तरी. गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी आली होती. मी कामावरून येऊन पाय धूत होते आणि आतून पप्पांचा आवाज ऐकू आला.

"नंबर दोनदा वाच. माझ्या चेडवाचा सगळा माझ्या एका नंबरापायी गेला. मी चुकीचो नंबर दिलंय, म्हातारपणापर्यंत पुरात अशी चूक ती."

ती मुलगी अठराची, मान डोलवत होती. पप्पा तिला हे सांगत होते तसं त्यांनी आजवर किती मुलांना सांगितलं असेल? मी मोजायला लागले आणि मला तिथे उभं राहवेना.

ती गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. सांगितलं. नंबर मी घातला होता, तुम्ही बाहेर होता, तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं. दुकानात मी खोटं बोलले.

मला वाटलं होतं ते म्हणतील, जावंदे. निदान म्हणतील, माका ठावक होता. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"आठ वर्सा," ते म्हणाले. "आठ वर्सा मी रोज आठवतंय, तुका मी तो नंबर कधी सांगलंय, कसो सांगलंय. माका आठवाक व्हया आणि आठवत नाय. माका वाटला, माझा डोक्या गेला."

ते उठून बाहेर गेले. पुढचे आठ-दहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी घरात आले की ते अंगणात जायचे. मम्मीला मी सांगितलं, तर ती नुसती म्हणाली, "उशीर केलंस गो." मला वाटलं, हे आता असंच राहणार.

एका रविवारी मी चर्चमधून आले तेव्हा ते पायरीवर बसले होते. त्यांनी मला थांबवलं.

"तेवा कित्याक सांगूक नाय?"

"भियालंय."

"माका?"

"नाय. सगळा गेला होता. चूकय माझीच असती, तर माझ्याकडे काय रवला असता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाजूला सरकले, मला आत जायला वाट करून दिली. मी आत गेले नाही, तिथेच त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. मम्मी जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही दोघंही तिथे होतो.